संपादकीय : पन्नास मीटर, पण कुणापासून?



अंक दीड महिना उशिरा निघतोय. दरवेळी आपण छापखानेवाल्याच्या नावानं बोटं मोडतो, यावेळी तो बिचारा निर्दोष आहे. कागदासाठी जमवलेले पैसे आम्हीच उडवले. माहितीच्या अधिकाराचे अर्ज, झेरॉक्स, नकाशाच्या प्रती, तीन कचेऱ्यांच्या वाऱ्या आणि एक शंभर फुटी टेप. टेपची किंमत इथं छापत नाही, कारण आपला खजिनदार अंक वाचतो.

झालं असं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी रात्री ट्रक लागायचे ती मोकळी जागा आहे. तिथं पेट्रोल पंप येतोय. दोन नळ्यांचा साधा पंप नव्हे. टँकर आत वळेल एवढा ऐसपैस, डझनभर गाड्या एकदम भरतील असा, वर गॅस, वर चहा-सँडविचचं काचेचं दुकान. एका सकाळी मी रात्रपाळी करून गोदीतनं घरी येत होतो. अंगाला घामाचा आणि लोखंडाचा वास, डोळ्यांत झोप. बघतो तर दोन माणसं टेप धरून उभी. एकानं टेपचं टोक जमिनीत मारलेल्या खुंटीवर धरलंय आणि दुसरा ओढत निघालाय. आमच्या पहिल्या झोपडीच्या दारावरनं गेला. नळावरनं गेला. बालवाडीच्या पत्र्याशेजारनं गेला. आणि थेट मागच्या सोसायटीच्या कुंपणाला जाऊन टेकला. ‘बावन्न’ म्हणून ओरडला. खुंटीवाल्यानं लिहून घेतलं. बावन्न मीटर. पास.

पहिल्या दारात म्हातारी भांडी घासत बसलेली. टेप तिच्या डोक्यावरनं गेली. ती म्हणाली, ‘बाबा, माझं दार मोजलं न्हाईस.’

तो म्हणाला, ‘आजी, ते नकाशात नाही.’

माणूस वाईट नव्हता. आजी म्हणाला, चहा दिला तर प्यायलाही असता. पण त्याच्या हातातल्या कागदावर तिचं दार नव्हतंच. त्या दारात ती नवऱ्याबरोबर आली, त्या दारातनं नवऱ्याला नेला. दाराला विजेचं मीटर आहे, मतदारयादीत नंबर आहे, निवडणुकीला झेंडे घेऊन येणाऱ्यांना ते बरोब्बर सापडतं. मोजायच्या वेळी मात्र दार हवेत विरतं.

हा सगळा खेळ कुठल्या कायद्यावर चाललाय ते आम्ही शोधून काढलं. हरित न्यायाधिकरणाच्या दट्ट्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की शाळा, दहा किंवा त्याहून जास्त खाटांचं हॉस्पिटल आणि निवासी भाग यांच्यापासून नवा पंप ५० मीटरच्या आत नको. अंतर मोजायचं ते टाकी भरायच्या तोंडापासून, पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रापासून किंवा वाफेच्या पाईपापासून, जे सगळ्यात जवळ असेल त्यापासून. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षेची उपाययोजना करून थोडं कमी चालेल, पण ३० मीटरच्या आत कुठल्याही परिस्थितीत नाही. वाचून आम्हाला बरं वाटलं. मग एक शब्द दिसला आणि बरं वाटणं संपलं. निवासी भाग म्हणजे ‘स्थानिक कायद्यानुसार निवासी म्हणून ठरवलेला’ भाग.

कळलं? माणूस राहतो म्हणून जागा निवासी होत नाही. आधी कागदानं जागेला निवासी म्हणावं लागतं, मग तिथली माणसं राहतात असं धरायचं. विकास आराखड्यात आमच्या वस्तीवर जो रंग मारलाय तो निवासी नाही. म्हणजे आम्ही तिथं राहत नाही. आम्ही तिथं जन्मतो, खोकतो, लग्नं करतो, जयंतीला रात्रभर स्पीकर लावतो. राहत मात्र नाही.

अंतराचं गणित आम्हाला कुणी शिकवायला नको. या देशात अंतर मोजण्याचं शास्त्र आमच्या अंगावरच तयार झालं. मलबारात कुणी कुणापासून किती पावलांवर थांबायचं याचा हिशेब ठरलेला होता. पेशवाईत पुण्याच्या वेशीत महार-मांगांना दुपारी तीननंतर सकाळी नऊपर्यंत येऊ देत नसत, कारण सूर्य कलला की सावली लांब पडते आणि ती लांब सावली कुणा पवित्र देहावर पडली तर? घड्याळ, सूर्य, सावली, पावलं, सगळी मापं हजर होती. आपल्यापासून त्यांना वाचवायचं होतं तेव्हा आपण प्रत्येक जण मोजले गेलो. आता विषापासून आपल्याला वाचवायचं आहे, तर टेप डोक्यावरनं जाते. सनातनी बामणाला तरी आपण दिसत होतो, च्यायला. या नकाशावाल्याला तेवढेही दिसत नाही.

आता विष म्हणजे काय ते सांगतो. मी दहावी पास. रसायनशास्त्र तेवढंच. पण माहिती काढून आणली आहे, आणि ती आपल्यातल्या कुणालाही समजेल अशी आहे.

पंपावर जमिनीखाली टाक्या असतात. टँकर येतो, टाकीत पेट्रोल उतरवतो. पेट्रोल आत शिरलं की टाकीत साचलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर टाकीवर दाब येईल. म्हणून एक उंच पाईप उभा केलेला असतो. पंपावर गेलात की बघा, कोपऱ्यात, भिंतीलगत, गुपचूप उभा असतो. त्यातनं वाफ सुटते. गाडीत पेट्रोल भरतानाही टाकीच्या तोंडातनं सुटते. जमिनीवर सांडतं ते वेगळंच. त्या वाफेत बेंझीन असतं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये कायद्यानं एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. बेंझीननं रक्ताचा कॅन्सर होतो ही काही आमच्यासारख्या चळवळ्यांची आवई नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं त्याला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. त्याचं सुरक्षित असं प्रमाणच सांगता येत नाही असं तीच संघटना म्हणते. आपल्या सरकारनं हवेतल्या बेंझीनला वर्षाच्या सरासरीची मर्यादा घातली आहे, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. मर्यादा आहे. मोजायला मात्र यंत्र लागतं, आणि यंत्र वस्तीत येत नाही.

२०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत संशोधकांनी दोन पंपांच्या वाफेच्या पाईपांवर यंत्रं बसवून मोजलं होतं. अंतराचे नियम करताना जेवढी वाफ सुटते असं धरलं होतं, त्याच्या दहापट वाफ प्रत्यक्षात सुटत होती. आणि त्यांच्या हिशेबानं एका पंपापासून १६० मीटरपर्यंत बेंझीनचं प्रमाण कॅलिफोर्नियानं तासाभरासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाऊ शकत होतं. एकशे साठ! आपले पन्नास कुठे आणि तीस कुठे. ही वाफ ओढून परत टाकीत घालणारी यंत्रं निघाली आहेत. मोठ्या शहरांतल्या जास्त खपाच्या पंपांना ती लावायचं बंधनही आहे. पण यंत्र लावलं का, लावलं तर चालू आहे का, हे विचारणाऱ्याला पंपावर ‘पुढं चल’ म्हणतात. आम्ही विचारून पाहिलं आहे.

आणि त्या निळ्या-लाल युनिफॉर्ममधल्या पोराला कोण विचारतं? बारा-बारा तास नळी हातात धरून उभं असतं ते. आपल्याच घरातलं पोर असतं, नाहीतर उत्तरेतनं आलेल्या आपल्यासारख्याच घरातलं. त्याचं अंतर शून्य मीटर.

लढून अंतर मिळवता येतं का? येतं. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यात माँटगोमेरी नावाचा परगणा आहे. तिथं व्हीटन नावाच्या गावात मॉलच्या वाहनतळावर कॉस्टको कंपनीला सोळा नळ्यांचा अवाढव्य पंप काढायचा होता. वर्षाला १ कोटी २० लाख गॅलन विकायचे, म्हणजे साडेचार कोटी लिटर. शेजारी वस्ती, पोहण्याचा तलाव, जवळच अपंग मुलांची शाळा. लोक उठले. त्यांनी आधी २०१२ मध्ये नियम करून घेतला, वर्षाला ३६ लाख गॅलनांच्या वर विकणारा पंप शाळा-मैदानांपासून ३०० फुटांच्या आत नको. मग सुनावणी लागली, आणि ती दिवसच्या दिवस चालली. कंपनीनं तज्ज्ञ आणले, रहिवाशांनी आपले तज्ज्ञ आणले, कंपनीच्या तज्ज्ञांना भर सुनावणीत उलटे प्रश्न घातले. २०१५ मध्ये पंपाला परवानगी नाकारली गेली. त्याच वर्षी ३०० फुटांचे ५०० फूट झाले.

हे वाचून कुणी अमेरिकेची आरती ओवाळायला उठू नका. त्याच देशात लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठानं काळ्या लोकांच्या वस्त्यांना खेटून तेलाचे आणि रसायनांचे कारखाने उभे आहेत. त्या पट्ट्याला लोकच कॅन्सरची गल्ली म्हणतात. एकेकाळी तिथं गुलामांकडून ऊस पिकवून घ्यायचे, त्याच जमिनी. व्हीटनच्या लोकांजवळ वेळ होता, शिक्षण होतं, घराची कागदपत्रं होती, त्यांची दारं नकाशात होती. कबूल. पण एक गोष्ट त्यांच्याकडनं शिकून घ्यायला हरकत नाही. ते ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणून थांबले नाहीत. ते आकडे घेऊन बसले आणि कंपनीच्या आकड्याला आकड्यानं भिडले.

आपण इथं मुंबईत काय बघतो? बघायला लांब जायला नको. माझ्या गोदीच्या पलीकडे समुद्रात जवाहर द्वीप आहे. तिथं तेलाची जहाजं लागतात आणि समुद्राखालच्या पाइपानं तेल माहुलच्या रिफायनऱ्यांना जातं. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या बेटावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली ती दिवसेंदिवस विझत नव्हती. आमच्या पाळीतले लोक धक्क्यावरनं धूर बघायचे आणि मुकादम म्हणायचा, धुराकडं काय बघताय, भरा. माहुलचं नाव मी त्या आधीही ऐकलं होतं. तिथली खाडी, कोळीवाडा. १९५४ आणि ५५ मध्ये तिथं दोन परदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्या सुरू झाल्या, सत्तरच्या दशकात त्या सरकारी झाल्या. मग खत कारखाना, वीज केंद्र, रसायनांच्या टाक्या. कोळी तिथं आधीपासून होते, त्यांच्या डोक्यावर हे सगळं उभं राहिलं. मासळी गेली, श्वास राहिला तेवढा घेत बसले.

माहुल-आंबापाड्याच्या लोकांनी हरित न्यायाधिकरणात दावा लावला. केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये तिथं पाहणी केली. शंभरातल्या सदुसष्ट लोकांना महिन्यातनं तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत होता. चौऱ्याऐंशीच्या वर लोकांच्या छातीत कोंडत होतं. सत्त्याऐंशीच्या आसपास लोकांचे डोळे चुरचुरत होते. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणानं स्पष्ट म्हटलं की इथल्या हवेमुळं माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे.

ही तारीख लक्षात ठेवा. डिसेंबर २०१५. कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल मी तारखांची अदलाबदल केली.

२०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तोडल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला धोका नको म्हणून. पाइपापासून दोन्ही बाजूला दहा-दहा मीटर मोकळे पाहिजेत असा हायकोर्टाचा हुकूम होता. पाइपाला दहा मीटर मिळाले! आणि तिथल्या माणसांना उचलून टाकलं कुठं? माहुलला. रिफायनरीच्या भिंतीसमोर, एव्हरस्माईल नावाच्या वसाहतीत. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं? कायमचं हसू. बहात्तर इमारती, सतरा हजारांच्या वर खोल्या, सव्वादोनशे चौरस फुटांची एकेक. लोकांना दमा लागला, कातडीला खाज लागली, बायकांची कामं सुटली कारण कामाची घरं विद्याविहार-घाटकोपरला राहिली, मुलांच्या शाळा सुटल्या. ८ ऑगस्ट २०१८ ला समोरच्या रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसच्या वर माणसं जखमी झाली, आणि वसाहतीतली माणसं पोरं काखेत मारून रस्त्यावर पळाली.

त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता हे लोक परत फिरले आणि विद्याविहारला त्या पाइपाच्या कडेलाच फुटपाथवर बसले. जीवन बचाओ आंदोलन. फ्लॅट सोडून फुटपाथवर! मुंबईत कुणी ऐकलंय असं? वर्षाच्या वर ते बसून राहिले. पावसात बसले, थंडीत बसले. माहुलला गेल्यापासून शंभराहून जास्त माणसं गेल्याचं ते सांगत होते. सरकारी कागद म्हणत होता तुम्हाला पक्कं घर दिलंय. आणि सरकारनं मागवलेला आयआयटीचा अहवाल सांगत होता की या लोकांना इथून हलवा. सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की कुणालाही माहुलला जायची सक्ती करू नका, जे आहेत त्यांना दुसरं घर द्या नाहीतर महिन्याला पंधरा हजार भाडं द्या. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणानं तिथल्या दोन रिफायनऱ्या आणि दोन टाकीवाल्या कंपन्या मिळून चौघांना २८६ कोटींची भरपाई ठोठावली.

म्हणजे हवा विषारी आहे हे कोर्टानं म्हटलं, न्यायाधिकरणानं म्हटलं, डॉक्टरांनी म्हटलं. संपलं का? संपत नाही, दोस्तहो. रिकाम्या खोल्या उरल्या. २०२५ मध्ये महापालिकेनं त्यातल्या नऊ हजारांवर खोल्या विकायला काढल्या. कुणाला? आपल्याच तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना. एका खोलीला १२ लाख ६० हजार. चौथी श्रेणी म्हणजे कोण हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला हवं का? झाडूवाला, गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीवरचा. ज्या हवेतून माणसं काढा म्हणून कोर्टानं सांगितलं, ती हवा सफाई कामगाराला कर्ज काढून विकत घ्यायला सांगितली. अर्ज अगदी थोडे आले. त्या कामगारांना मनापासून जयभीम.

पंपाला पन्नास मीटरचा नियम आहे. मग रिफायनरीला किती पाहिजे? पंपाची टाकी जमिनीत, काही हजार लिटरची. माहुलच्या टाक्या आमच्या चाळीपेक्षा उंच. त्यांच्यासमोर बहात्तर इमारती बांधताना टेप घेऊन कोण गेलं होतं?

आता घरातलं भांडण. आमच्या बैठकीत या विषयावर दोन तास रणं माजली, ती लपवायची नाहीत.

एक मित्र म्हणाला, पेट्रोल पंपाच्या डीलरशिपमध्ये अनुसूचित जाती-जमातींना साडेबावीस टक्के राखीव आहे. आपल्यातला एखादा पंपमालक झाला तर तुम्ही त्याच्या पंपापुढं बोर्ड घेऊन बसणार का? प्रश्न खरा आहे. मी त्याला म्हटलं, बसणार. राखीव जागा आपण भांडून घेतल्या त्या माणसांत यायला, दुसऱ्याच्या पोरांच्या नाकात वाफ सोडायला नव्हे. आपला माणूस पंप घेईल तर पन्नास मीटर सोडून घेईल आणि वस्तीचं दार मोजून घेईल. त्याला ते परवडत नसेल तर कंपनीशी आपण त्याच्याबरोबर भांडू. मित्र अजून पटला नाही. त्याचं पत्र आलं तर पुढच्या अंकात छापू.

दुसरा म्हणाला, पर्यावरण हा सवर्णांचा छंद आहे. त्यांना झाडं पाहिजेत, फ्लेमिंगो पाहिजेत, सकाळी पळायला ट्रॅक पाहिजे. आणि झाडं वाचवायची वेळ आली की पहिल्यांदा झोपड्याच तुटतात. हेही खरं. तानसाच्या पाइपाच्या बाजूचा हुकूमसुद्धा जनहिताच्या याचिकेवरच झाला होता. पण म्हणून हवा त्यांची होते का? चवदार तळ्यावर गेलो तेव्हा पाणी त्यांचं होतं, ते आपण आपलं म्हणून ओंजळीत घेतलं. हवा तर ओंजळीतही घ्यावी लागत नाही. ती आपोआप आत जाते.

तिसरं बोलणं माझ्यावरच होतं. ‘तू गोदीत काम करतोस. तेल येतं म्हणून बंदर चालतं. तुझ्या भाकरीत पेट्रोलच आहे.’ हो, आहे. मी लोखंडाच्या गुंडाळ्या उतरवतो, तेलाच्या धक्क्यावर माझी पाळी लागत नाही, पण ही पळवाट झाली. बंदर एकच. गोदीच्या माणसाला उलट हे जास्त कळायला पाहिजे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. कापसाच्या गाठी आणि चौदाशे टन दारूगोळा एकाच जहाजात. अर्धी गोदी उडाली. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्माची. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचा आकडा पक्का आहे, दरवर्षी त्यांना मानवंदना देतात, द्यायलाच पाहिजे. आणि गोदीचे मजूर किती गेले? एकूण मेलेल्यांचाच आकडा कुणी सातशे सांगतं, कुणी तेराशे. रोजंदारीवरच्या माणसाचं नाव कुठल्या वहीत असणार? त्या दिवशी सकाळी गेटातनं आत किती गेले हे ज्याला माहीत होतं तोही त्यातच गेला असेल.

मोजमाप मोडायचं तर श्रीमंताला कसं मोडता येतं, तेही पाहून घ्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. सतरा माणसं मेली. फलक किती? १२० फूट बाय १२० फूट. महापालिकेची मर्यादा किती? ४० बाय ४०. तिथं टेप घेऊन कुणी आला नाही. आमच्या वस्तीत एखाद्यानं पावसाळ्यापूर्वी पत्रा फूटभर पुढं काढला की दुसऱ्या दिवशी माणूस हजर.

तर आमच्या हरकतीचं काय झालं? पहिल्या कचेरीनं सांगितलं, दुसरीकडे जा. दुसरीनं सांगितलं, तिसरीचा दाखला आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही. तिसरीतले साहेब बोलले, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही तिथले रहिवासी आहात याचा पुरावा द्या. आम्ही रेशन कार्ड दिलं, विजेचं बिल दिलं, बालवाडीतल्या पोरांचा पट दिला. ते म्हणाले, हे राहत असल्याचा पुरावा झाला, जागा निवासी असल्याचा नाही. मग आम्ही विचारलं, बालवाडी ही शाळा धरता का? ते विचारात पडले. तेवढी एक फट सापडली आहे. बालवाडी सरकारी योजनेतली आहे, तिच्या बोर्डावर नंबर आहे. तीसच्या आत शाळा आली तर बावन्न लिहिलेला तो कागद रद्द व्हायला पाहिजे. ही फट नखानं कोरून मोठी करायची आहे आणि त्यासाठी माणसं पाहिजेत. कविता पाठवणाऱ्या मित्रांना विनंती, या महिन्यात एक कविता कमी पाठवा आणि एक रविवार द्या.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता बालवाडीपाशी जमायचं आहे. खुंटी अजून तिथंच आहे. खुंटीपासून प्रत्येक दार मोजायचं, दारावर खडूनं आकडा लिहायचा, घरात माणसं किती, लहान पोरं किती, दमेकरी किती, हे वहीत उतरवायचं, आणि वहीवर प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा. नकाशा आम्ही कागदावर काढतोय, दारांसकट. तो पंपाच्या नकाशाशेजारी ठेवून त्या साहेबांच्या टेबलावर देणार आहोत आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

टेप आमच्याकडे आहे. येताना खडू आणा. म्हातारीचं दार आम्ही आधीच मोजलं आहे, अकरा मीटर. बालवाडीचा दरवाजा सव्वीस.

जयभीम.